कुणाच्या वाटेनं, कुणासाठी

मामाजींचा विरोध चालण्याला नाही. वनरक्षक म्हणून लागून वनपाल म्हणून निवृत्त झालेला माणूस. आमच्या भटकंतीच्या गटातल्या कुणी जन्मभर पायपीट केली तरी त्यांच्याएवढं जंगल पायाखालून जाणार नाही. त्यांचा विरोध माझ्या बेताला आहे. बेत असा : नागपूर-चंद्रपूरहून पन्नासेक माणसं आमच्या सावली गावाला आणायची, एक दिवस जंगलवाटेनं चालवायची, माणशी ठरावीक वर्गणी घ्यायची आणि खर्च वजा जाता उरेल तो पैसा वाघाच्या हल्ल्यात आई किंवा बाप गेलेल्या मुलांच्या शिक्षणाला द्यायचा. गट घेऊन डोंगर-जंगल फिरणं हे माझं आवडीचं काम आहे, आणि ते कुणाच्या तरी उपयोगी पडावं असं मला मनापासून वाटतं.

“ज्या जंगलात त्या पोराची माय गेली,” मामाजी म्हणाले, “तिथंच लोक हौसेनं फिरणार, अन् त्या हौसेचे पैसे पोराच्या हातात ठेवणार. उद्या ते पोरगं विचारील, काहून आले होते हे लोक? तं काय सांगशील?”

“सांगीन, की तुझी आई रोज कुठं जात होती ते बघायला आले होते. मामाजी, शहरात ही दोन ओळींची बातमी असते. 10 मे 2025 ला आपल्या शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. नागपुरात लोक हळहळले. पण बहुतेकांचा प्रश्न एकच होता : जंगलात वाघ आहे हे माहीत असताना त्या गेल्याच कशाला?”

यावर मामाजी खुर्चीत पुढं सरकून बसले. “कशाला गेल्या? मे महिन्यात दुसरं काम कोणतं असते इथं? दोन-तीन आठवड्यांचा हंगाम. पहाटे अंधारातच निघायचं, ऊन चढायच्या आत पानं घेऊन घरी यायचं. दुपारभर घरातल्या सगळ्यांनी बसून 70-70 पानांचे पुडे बांधायचे. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं घेतात तिथं, नेऊन मोजून द्यायचे. खरिपाचं बियाणं-खत त्याच पैशातून निघते, पोरांची वह्या-पुस्तकंही त्यातूनच. अन् पान तोडायला वाकावं लागते. वाकलेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही. आमी गावोगाव सांगत फिरायचो, एकट्यानं जाऊ नका, अंधारात जाऊ नका. पण उशिरा गेलं तं ऊन, अन् घोळक्यानं गेलं तं पानं सगळ्यात वाटली जातात.”

“हेच तर पन्नास जणांना तुमच्या तोंडून ऐकू दे.”

“ऐकवतो ना. पण त्याच्यासाठी जंगलात काहून नेतेस? समाजमंदिरात बसव सगळ्यांना, तिथं सांगतो.”

हा प्रश्न मला टाळता येण्यासारखा नव्हता, कारण अशा उपक्रमांवरचा खरा आक्षेप तोच आहे. पैसाच द्यायचा तर घरबसल्या मोबाईलवरून पाठवता येतो. माहितीच द्यायची तर सभागृह पुरतं. मग चालणं मधे कशाला? माझं उत्तर असं की चालताना माणसं एकमेकांशी बोलतात, आणि तासाभरानं स्वतःबद्दल बोलायचं थांबवतात. एका दिवसाच्या वाटेत वर्गणी भरणारा कोण आणि पुढंही येत राहील असा कोण, हे गट नेणाऱ्याला कळतं. सभागृहात ते कळत नाही, तिथं सगळेच सारखी मान डोलावतात. मामाजींना मी हेच सांगितलं.

“म्हणजे तुला पैसा नको, माणसं पाहिजे.”

“दोन्ही पाहिजेत.”

“तं मंग ऐक,” ते म्हणाले. आणि पुढं त्यांनी जे सांगितलं त्यानं या वादाचा रोखच बदलला. “वाघानं माणूस मारलं तं सरकार त्या घराला 25 लाख देते. काही रक्कम हातात मिळते, बाकीची मुदत ठेवीत राहते. म्हणजे पैसाच नाही असं नाही. पण ज्याची माय गेली त्या पोराला आश्रमशाळेत नेऊन घालायचं कोण? वसतिगृहाचा फॉर्म कोण भरते? जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेत वारसाचे कागद… बाप शेतावर राहते, नाही तं दारूत. आजीला सही येत नाही. काका-मामा ठेवीकडं डोळे लावून बसतात. पोरगं आठवीत शाळा सोडते अन् जनावरं घेऊन त्याच जंगलात जाते. तू पैसे गोळा करून राहिली. त्या पोराला कमी पडते ते माणूस.”

वनखात्यातल्या नोकरीत पंचनाम्यासाठी अशा घरांत त्यांना जावं लागलेलं आहे. त्यामुळे हे ऐकीव नव्हतं. आणि मला वाटतं, दानासाठी चालणाऱ्या कुठल्याही गटानं सुरुवात इथूनच करायला हवी : ज्याच्यासाठी निघालो त्याला नेमकं काय कमी पडतंय, हे त्याला ओळखणाऱ्या माणसाकडून आधी ऐकून घ्यायचं. पण मामाजींच्या बोलण्यातून माझा मुद्दा खोडला जात नव्हता, उलट पक्का होत होता.

“ते माणूस येणार कुठून, मामाजी? जाहिरात देऊन? तुमच्याच रस्त्यावरचं उदाहरण घ्या. सावलीहून चंद्रपूरकडे निघालं की मूल लागतं, आणि मूलजवळ सोमनाथ. बाबा आमट्यांनी 1967 साली तिथं प्रकल्प उभा केला. दर मे महिन्यात तिथं तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरते. पुण्या-मुंबईची, मराठवाड्यातली, कुठली कुठली पोरं आठवडाभर येऊन राहतात. सकाळी श्रमदान, नंतर व्याख्यानं, चर्चा, गाणी. त्यातली बरीच पुन्हा कधी आली नसतील. पण काही जण त्या आठवड्यामुळेच सामाजिक कामात पडले आणि जन्मभर तिथंच राहिले. महाराष्ट्रातल्या किती तरी संस्थांमध्ये असे लोक भेटतात, ‘सुरुवात सोमनाथला झाली’ असं सांगणारे. आलेल्यांतले फार थोडे टिकतात हे मला मान्य आहे. पण जे टिकतात ते आधी आलेले असतात.”

“सोमनाथचं नाव घेतलंस ते बरं केलं,” मामाजी म्हणाले. “आता सोमनाथ नीट बघ. तिथं यजमान कोण? महारोगातून बरी झालेली माणसं. ज्यांना घरच्यांनी हाकललं त्यांनी ती शेती उभी केली. शहरातलं शिकलेलं पोरगं तिथं जाते तं त्या माणसांच्या घरी पाहुणा म्हणून जाते, त्यांच्या हाताखाली माती उपसते. दया कोण कोणावर करणार? बाबांना दान नकोच होतं. काम द्या, भीक नको, हाच त्यांचा हट्ट होता. आता तुझा बेत बघ. तुझी पन्नास माणसं येणार, आपल्याच वाटेनं चालणार, आपलाच डबा खाणार, शेवटी एखादं पोरगं समोर उभं करून त्याच्या हातात पाकीट देणार. फोटो निघणार. यात यजमान कोण, सांग!”

पोरगं उभं करण्याचा माझा विचार कधीच नव्हता आणि तसं मी ताबडतोब सांगितलं. पण त्यांच्या बोलण्यातला दुसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. सोमनाथची छावणी इतकी वर्षं टिकली ती तिथं येणारे उत्साही होते एवढ्यावर नाही. तिथं वर्षाचे बाराही महिने चालणारं काम आहे, ते काम जाणणारी माणसं आहेत, आणि छावणीचा आठवडा त्या कामात सामावून जातो. येणाऱ्यांनी काय करायचं ते तिथले लोक ठरवतात. विदर्भात ही रीत आणखी जुनी आहे. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची रामधून निघते तेव्हा गावकरी पहाटे आपल्याच गल्ल्या झाडत फिरतात. बाहेरून कुणी सांगायला येत नाही.

“मग चंद्रपूरचा किल्ला?” मी विचारलं. “तिथं तर शहरातलेच लोक होते.”

चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट सुमारे 11 किलोमीटरचा. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर या चार दरवाज्यांमधली भिंत झाडोऱ्यानं आणि कचऱ्यानं गिळलेली होती. बंडू धोतरे यांच्या इको-प्रो संस्थेनं 1 मार्च 2017 ला सफाई सुरू केली आणि कार्यकर्ते रोज सकाळी येत राहिले. शेकडो दिवस! बुरुज मोकळे झाले, भिंतीवरून चालता येऊ लागलं. मग त्याच भिंतीवरून लोकांना किल्ला दाखवत नेणं सुरू झालं. मला यातला क्रम फार मोलाचा वाटतो : आधी काम, मग फेरफटका. बहुतेक उपक्रमांत आधी फेरफटका असतो आणि काम उरलेल्या वेळात बसवलं जातं.

मामाजींना इको-प्रोबद्दल आदर आहे, तरी ते लगेच म्हणाले, “ते त्यांचं गाव होतं, बेटा. आज सोडलेला बुरुज उद्या सकाळी त्यांच्याच नजरेला पडणार. तुमी तं संध्याकाळी बसमध्ये बसून जाता. शासनानं 1 जुलै 2016 ला एका दिवसात दोन कोटी झाडं लावायचं ठरवलं, तवा मी नोकरीत होतो. शाळेची पोरं आली, पाहुणे आले, लोकांचा उत्साह खरा होता, मी खोटं नाही बोलत. पण खड्डे आमच्या वनमजुरांनी आधीच खोदून ठेवले होते, अन् मंग दोन उन्हाळे रोपांना पाणी त्याच मजुरांनी घातलं. त्यांचा कोणी फोटो काढला नाही. एका दिवसाच्या कामाच्या मागं अन् पुढं कोणाचे तरी शंभर दिवस असतात. ते कोणाचे हे तू आधी लिहून काढ.”

मी लिहून काढलं. ती यादी करताना गट नेणाऱ्याच्या खऱ्या जबाबदाऱ्या समोर आल्या, आणि आमचा वाद थोडा वेळ तत्त्वावरून तपशिलावर आला. इथं मामाजींचा अनुभव मला एखाद्या पाठ्यपुस्तकाहून उपयोगाचा ठरला.

पहिला विषय ऋतूचा. माझा बेत मार्चचा होता, कारण तेव्हा पळस फुललेला असतो. मामाजींनी तो एका वाक्यात उडवला : “15 फेब्रुवारी ते 15 जून वणव्याचा हंगाम.” त्यांनी तमिळनाडूतल्या कुरंगणीची आठवण करून दिली. 11 मार्च 2018 ला थेनी जिल्ह्यातल्या त्या डोंगरात दोन गट आगीत सापडले आणि वीसहून अधिक माणसं गेली. ज्या वाटेनं ते गेले तिची परवानगी नव्हती. वाळलेलं गवत, उतार आणि वारा; पळणाऱ्यांना आगीनं गाठलं. त्यानंतर तमिळनाडूनं पदभ्रमणासाठी स्वतंत्र नियम केले. आपल्याकडे मोहफूल वेचणारे झाडाखालचा पाला जाळतात, त्या दिवसांत जंगल कोरडं ठाक असतं, आणि त्याच वेळी गावातली माणसं पहाटेपासून मोहाखाली असतात. त्या वेळी पन्नास पाहुणे वाटेवर आणायचे म्हणजे वेचणाऱ्यांच्या पायात येणं. मग मे महिना तेंदूचा. पावसाळ्यात रोवणी, कुणाला डोकं वर काढायला वेळ नाही. दिवाळीच्या आगंमागं धानाची कापणी. राहता राहिले डिसेंबर-जानेवारी.

दुसरा विषय वाटेचा. मी जंगलातली वाट धरून बसले होते. मामाजींनी तिच्याऐवजी नहराची वाट सुचवली. “आसोलामेंढ्याला चल. इंग्रजांच्या काळातला तलाव आहे, आता गोसेखुर्दच्या कालव्याचं पाणी त्यात येते. पावसाळ्यात सांडव्यावर रविवारी जत्रा भरल्यासारखे लोक येतात, अन् बाटल्या, पत्रावळी, वेफर्सच्या पिशव्या टाकून जातात. हिवाळ्यात पाणी उतरलं की सगळं उघडं पडते. तिथं काम आहे. जंगल दिसते, पण जंगलात घुसावं लागत नाही.”

“कचराच उचलायचा तर त्यासाठी इथवर कशाला यायचं, असं म्हणतील लोक.”

“तं त्यांना तो वाघ दाखव.” त्यांचा रोख फेब्रुवारी 2024 मध्ये देशभर पाहिल्या गेलेल्या त्या व्हिडिओकडे होता. ताडोबातला एक तरुण वाघ पाणवठ्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून चालला आहे. “ती बाटली माणसानंच नेली ना तिथपर्यंत?”

मी म्हटलं, ही वाट मला मान्य आहे. पण एक अट माझीही. नहराची वाट झाली तरी तिच्या आजूबाजूला झुडपी जंगल आहे आणि वाघ नहरावरही येतो. तेव्हा गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलाची, म्हणजे ज्याला सगळे पीआरटी म्हणतात त्या दलाची चार पोरं बरोबर हवीत, आणि त्यांना त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्यायची. सेवा म्हणून फुकट राबवायचं नाही. दानाच्या कार्यक्रमात गरिबाचं काम फुकट धरलं जातं, याचा मला मनस्वी राग आहे. सूर्य वर आल्यावर निघायचं, चारच्या आत गाडीत. पुढं एक, मागं एक. मागच्याच्या मागं कुणी राहायचं नाही. निघताना, जेवताना, परतताना डोकी मोजायची. लघवीला आडोशाला एकट्यानं जायचं नाही, हे लाज न बाळगता सकाळीच सगळ्यांना सांगायचं, कारण बसलेला माणूस आणि वाकलेला माणूस जंगलाच्या कडेला सारखाच धोक्यात असतो. सर्पदंश झाला तर कुठल्या दवाखान्यात न्यायचं आणि त्या दिवशी तिथं औषध आहे का, हे आदल्या दिवशी स्वतः जाऊन विचारायचं. यातलं काहीही सांगताना मामाजींनी मला अडवलं नाही. सह्याद्रीत लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखे स्वयंसेवक दरीत अडकलेल्यांना काढायला धावून जातात. आपल्या भागात तसं पथक हाकेच्या अंतरावर नाही, म्हणून इथल्या गट नेणाऱ्यानं दुप्पट सावध राहायचं.

“परवानगी कोणाची घेशील?”

“वनखात्याची.”

“अन् गावाची?” निवृत्त वनपालानं हा प्रश्न विचारावा याचं मला अप्रूप वाटलं. ते म्हणाले, “आमी जन्मभर ‘खात्याचं जंगल’ म्हणायचो. मंग वैनगंगेपलीकडं धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर असा हक्क मिळवणारं देशातलं अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. तवापासून मी माझ्या पोरांनाही सांगतो, जंगलात जायच्या आधी त्या गावात जाऊन विचारा. कागदावर सही पाहिजे म्हणून नाही. ज्याचं रोजचं जगणं तिथं आहे त्यानं ‘नको’ म्हणायचं असलं तं त्याला म्हणता आलं पाहिजे.”

ग्रामसभेनं नकार दिला तर? मी विचारलं. तर नाही जायचं, असं ते म्हणाले. इथं मात्र मी सहमत झाले नाही, आणि अजूनही नाही. ग्रामसभेत बोलतं कोण, विधवेच्या किंवा आजीच्या वतीनं कोण बोलतं, हे मी पाहिलेलं आहे. ज्या मुलांसाठी हे करायचं त्यांच्या घरांशी वेगळं बोलायला हवं. गावाचा होकार आणि त्या घराचा होकार या दोन गोष्टी आहेत, आणि दुसऱ्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही. मामाजींनी यावर बराच विचार केला आणि “दोन्ही घे” एवढंच म्हणाले.

मग बॅनरचा प्रश्न निघाला. आमच्या गटाचं नाव असलेला फलक लावू नये, असं त्यांचं म्हणणं. फलक नसेल तर वर्गणी देणाऱ्याला विश्वास वाटणार नाही, असं माझं. तेव्हा त्यांनी सावलीचाच इतिहास काढला. 1936 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गांधी सेवा संघाचं अधिवेशन इथं भरलं होतं आणि गांधीजी आले होते. आगगाडीपासून दूरचं गाव, पण खादीचं काम चालायचं म्हणून निवडलेलं. त्याच अधिवेशनात त्यांनी सांगितलं की गांधीवाद असं काही नाही, आपल्या नावाचा पंथ आपल्याला मागं ठेवायचा नाही. “ज्या गावात हे बोलल्या गेलं, तिथं तुमी तुमच्या नावाचा कपडा टांगणार?”

मी फलकाचा हट्ट सोडला. नाव पावतीवर राहील, वाटेवर नाही.

वर्गणीवर मात्र शेवटपर्यंत एकमत झालं नाही. मामाजी म्हणाले, पैसाच उभा करायचा तं नाटक लावा. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडळं वडस्याच्या कंपन्यांचं नाटक ठरवतात, तिकीट विकतात, रात्रभर पेंडॉल भरलेला असतो. लोकांना काही तरी मिळते, मंडळाला पैसा मिळते. मी म्हटलं, नाटकाला येणारे आपलेच लोक, म्हणजे धानाचा पैसा पुन्हा धानवाल्यांच्याच खिशातून. मला तो शहरातून यायला हवा आहे. जंगलाची हवा, वाघ बघायची सफर, उन्हाळ्यातलं पाणी, हे सगळं शहर घेतं. त्याची किंमत गावातलं एखादं घर आपलं माणूस देऊन चुकवतं. तेव्हा शहरानं पैसा देणं हा उपकार नाही. आणि त्या पन्नासांतून दोन जणांनी वर्षभर फॉर्म भरायला, शाळेत जाऊन भेटायला, बँकेत सोबत उभं राहायला यायचं, हे निघायच्या आधीच ठरलेलं असेल. ती दोन नावं मिळाली नाहीत तर आम्ही तारीखच जाहीर करणार नाही.

हे त्यांना पटलं असावं, कारण पुढचा प्रश्न हिशेबाचा होता.

“हिशेब कुठं देशील?”

“वर्गणी देणाऱ्या सगळ्यांना पाठवीन.”

“ते झालंच. इथंही द्यायचा. जानेवारीत 26 तारखेला ग्रामसभा असते. तिथं उभं राहून वाचायचा. किती आले, किती खर्च झाले, पोरांच्या नावे किती जमा झाले.”

“गाडीभाडं, चहा-नाश्ता, जेवण, सगळंच वाचायचं?”

“ते पहिले वाचायचं,” मामाजी म्हणाले.